चमच्यातला च आणि पेइचिंगची आ-यी

शनिवार, ६ जुलै २०२४

मुंबईहून हाँगकाँग, हाँगकाँगहून पेइचिंग. भारत-चीन थेट विमानं २०२० पासून बंद होती, म्हणून हा वळसा. विमानतळावरून मेट्रोच्या गाड्या बदलत, दर स्टेशनात बॅगा तपासणीच्या पट्ट्यावर चढवत-उतरवत वूताओखौला पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ऊन थेट सोलापूरचं. फरक एवढाच की सोलापूरला घाम वाळतो, इथे तो अंगावर मुक्कामाला येतो.

मी एकोणचाळीस वर्षांची. पुण्यात यंत्रांचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. चिनी पुरवठादारांचे मेसेज भाषांतराच्या ॲपमधून वाचून वैताग आला, म्हणून दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी शिकले. वाचता येऊ लागलं. बोलायला तोंड उघडलं की मात्र समोरचा निमूटपणे इंग्रजीवर यायचा. शेवटी साठलेली सगळी रजा काढली आणि इथल्या एका विद्यापीठाच्या चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात नाव घातलं. "या वयात होस्टेल?" हे घरात प्रत्येकाने एकेकदा विचारून घेतलं.

वसतिगृहाच्या दारात काचेच्या खिडकीमागे साठीच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या. समोर टरबुजाची फोड, हातात कागदी पंखा, डोक्यावर विजेचाही पंखा. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना इथे सगळे 'आ-यी' म्हणतात. आ-यी म्हणजे मावशी, पण कानाला ऐकू येते ती आपली आई. तर पुढचे चार आठवडे मी या बाईंना आई म्हणणार आणि त्या मावशी म्हणून ओ देणार.

आ-यीने किल्ली, कार्ड, एसीचा रिमोट, थर्मास आणि आठ हँगर माझ्यासमोर एकेक करून मोजले, दोनशे युआन अनामत घेतली आणि सही घेतली. पलंगाची फळी आणि गादी यांत कडक कोण, हे झोपल्यावरही ठरेना.

खोलीत अल्माटीची एकोणीस वर्षांची कझाक मुलगी आधीच येऊन पसरली होती. तिला इंग्रजी येत नाही, मला रशियन येत नाही. दोघींमध्ये सामाईक भाषा एकच, आणि ती दोघींनाही धड येत नाही. तिने माझं वय विचारलं, जरा विचार केला आणि मला 'च्येच्ये' करून टाकलं. म्हणजे ताई. मावशी व्हायची वेळ थोडक्यात टळली.

रविवार, ७ जुलै

सकाळी पातळी ठरवायची परीक्षा झाली. लेखी बरी. तोंडीत तपासनीस बाई मला तोच प्रश्न तीनदा विचारत होत्या आणि मी तेच उत्तर तीनदा देत होते. मला 'मध्यम, खालचा गट' मिळाला.

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले. वूताओखौ म्हणजे पाचवं फाटक. सोलापूरला 'सात रस्ता' आहे, तशातलंच हे नाव. पेइचिंग ते चांगच्याखौ ही रेल्वे १९०५ ते १९०९ मध्ये बांधली गेली. चान थिएनयौ हे तिचे मुख्य अभियंता. परदेशी अभियंत्यांच्या हाताखाली न जाता चिनी माणसांनी बांधलेला हा पहिला मोठा लोहमार्ग, म्हणून शाळेच्या पुस्तकांतून चान यांचं नाव प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. या मार्गावरचं पाचवं फाटक ते वूताओखौ. २०१६ मध्ये फाटक कायमचं उघडलं, म्हणजे काढूनच टाकलं. आता वेगवान गाडी जमिनीखालच्या बोगद्यातून जाते आणि वरच्या जुन्या रुळांची बाग झाली आहे. रुळांवर आजोबा बसले होते, आजोबांच्या मांडीवर नातू आणि नातवाच्या हातात बर्फाची कांडी.

जवळच्या मोठ्या रस्त्याचं नाव शुएयुआन लू, नुसता 'कॉलेज रस्ता'. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या पट्ट्यात एका ओळीत आठ महाविद्यालयं उभारली, खाणकामापासून विमानविद्येपर्यंत. त्यांची पुढे विद्यापीठं झाली, रस्ता कॉलेजच राहिला.

सोमवार, ८ जुलै

साडेआठला वर्ग. चौदा जण. कोरियन, थाई, दोन इटालियन, एक इजिप्तचा, माझी कझाक मुलगी. वर्गात सगळ्यांत मोठी मी. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान असतील. (चिनीत शिक्षकाला 'लाओष' म्हणायचं, पण मी मनात बाईच म्हणत होते. मराठी शाळेत गेलेल्या माणसाचा इलाज नसतो.)

आधी नावं. कुलकर्णी हे प्रकरण चिनीत बसेना. बाईंनी पहिलं अक्षर उचललं आणि मला 'कू मेइ' केलं. कू म्हणजे प्राचीन, मेइ म्हणजे थंडीत फुलणाऱ्या त्या झाडाचं फूल. वय लक्षात घेऊन प्राचीन दिलं की काय, हे विचारायला शब्द नव्हते. पण ओळखपत्रावर रोमनमध्ये पाहिलं तर 'गू' छापलेलं! मराठी माणसाने हे गळ्यात घालून हिंडायचं?

बाईंनी मोठ्याने हाक मारली तेव्हा स्वच्छ 'कू' ऐकू आलं आणि दोन वर्षांचं गाठोडं सुटलं.

झालंय असं. १९५८ मध्ये चीनने आपले उच्चार रोमन अक्षरांत लिहायची फिनयिन ही पद्धत स्वीकारली. ती बसवणाऱ्यांत चौ यौक्वांग हे प्रमुख. मूळचे अर्थशास्त्राचे माणूस, १११ वर्षं जगले, २०१७ मध्ये गेले. चिनीत आपल्या ग, द, ब सारखे आवाज जवळजवळ नाहीतच. असतात ते क आणि ख, त आणि थ, प आणि फळातला फ. रोमनमध्ये ख-थ-फ साठी सुटी अक्षरं नाहीत. मग त्यांनी हिशेब केला: बी म्हणजे प, पी म्हणजे फ, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. हिशेब चोख आहे. पण इंग्रजी शाळेचे संस्कार झालेला माणूस ते वाचताना दर शब्दाला घसरतो. आपण छापतो 'बीजिंग', ते म्हणतात 'पेइचिंग'.

मग मी वहीत सगळं देवनागरीत लिहायला सुरुवात केली. क-ख, त-थ, प-फ हे आपण पाटीवर गिरवलेले आहेत, ते आपापल्या जागी जाऊन बसले. गंमत पुढेच आहे. मराठी चमच्याचे चमचे झाले की शेवटचा च बदलतो: 'चमचा' म्हणताना जीभ दातांना लागते, 'चमचे' म्हणताना टाळूला. चिनीत हे दोन च चक्क वेगळे आहेत. झेड लिहिलं की चमच्यातला, जे लिहिलं की चमचेतला. बाजूच्या इटालियन मुलाने या दोन आवाजांवर अर्धा तास काढला. मला ते आईच्या स्वयंपाकघरातून फुकट मिळालं होतं.

आणि पोटफोड्या ष! शाळेत षटकोन लिहिताना पोट फोडायचं आणि म्हणताना शहामृगाचाच श म्हणायचा, असं आपलं आयुष्यभर चालतं. इथे 'शी' म्हणजे पश्चिम आणि जीभ मागे वळवून 'ष' म्हणजे दहा. संस्कृतच्या बाईंनी तेव्हा आमच्या जिभा वळवायचा जो हट्ट धरला होता, तो तीस वर्षांनी पेइचिंगमध्ये कामी आला.

एवढं सगळं फुकट मिळाल्यावर माणूस कुठेतरी आपटणारच. मी सुरांवर आपटले. चार सूर: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा, धाडकन पडणारा. 'माय' खाली जाऊन वर आला की विकत घेणं, वरून पडला की विकणं. मराठीत आपण वाक्य संपवताना आवाज खाली टाकतो. म्हणजे मी, खरेदी विभागातली बाई, दोन वर्षं पुरवठादारांना फोनवर ठासून सांगत होते की आम्हाला विकायचंय.

बुधवार, १० जुलै

भोजनगृहाला ष-थांग म्हणतात. अकराला उघडतं, पाऊणला भांडी आपटायला लागतात, एकनंतर गेलात तर नुसता भात. त्यानंतर सगळं विद्यापीठ झोपतं, हे मला फार आवडलं. डुलकी इथे लपूनछपून घेत नाहीत. वाचनालयात लोक छोटी उशी घेऊन येतात, टेबलावर डोकं टेकतात आणि दीड-दोनला गाल लाल घेऊन उठतात.

माझी अडचण शाकाहार. "मांस नको" असं मी सुरात बसवून म्हणते. खिडकीतली आ-यी (जेवण वाढणाऱ्याही आ-यीच) "नाही, नाही" म्हणत घेवड्याची भाजी वाढते, आणि घेवड्यात खिमा. मी बोट दाखवते. ती म्हणते, "हे मांस नाही, एवढंसंच आहे." चवीपुरतं असेल तर ते मसाल्यात मोजतात. तीन दिवसांत माझे आधार ठरून गेले. टोमॅटो-अंडं. बटाट्याचे काडीसारखे काप, व्हिनेगर आणि सुक्या मिरचीत परतून करकरीत ठेवलेले. आपण त्याला कच्चे म्हणू, ते याला कौशल्य म्हणतात. आणि 'ती सान श्येन', जमिनीतले तीन ताजे: बटाटा, वांगं, ढोबळी मिरची. भातासकट बारा-तेरा युआनमध्ये, म्हणजे दीडशे रुपयांत पोट भरतं.

सकाळची पातळ पिवळी पेज पहिल्यांदा तोंडात घातली तेव्हा चव ओळखीची वाटली, नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी आठवलं. राळं! आजी राळ्याचा भात करायची. आमच्या घरातून ते धान्य कधी गेलं कोणाच्या लक्षातही नाही. इथे रोज सकाळी मोठाल्या पातेल्यात रटरटत असतं आणि पोरं मोबाइल बघत बघत भुरकतात.

सोमवार, १५ जुलै

ष-थांगच्या एकाच खिडकीपुढे दारापर्यंत रांग. रात्री आ-यीला विचारलं. आज 'थौ-फू', चिनी पंचांगातल्या सर्वांत दमट-गरम दिवसांची पहिली दहाडी. "पहिल्या फूला च्याओच़, दुसऱ्या फूला शेवया," ती म्हणाली. च्याओच़ म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बहुधा मांस. अंगातून पाणी निथळत असताना वाफाळती करंजी खाण्यामागचं तर्कशास्त्र मी विचारलं नाही. आपणही आषाढात तळण तळतो.

रात्री अकराला खोलीत अंधार झाला. फ्यूज नाही, विजेचे पैसे संपले होते. इथे खोलीची वीज मोबाइलच्या रिचार्जसारखी आधी भरायची असते, आणि ते आम्हाला दोघींना सांगितलं होतं म्हणे, चिनीत. भरायचं यंत्र सकाळीच सुरू होतं. एसी बंद, पंखा नाही. आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये चटई टाकून बसलो.

तिथे एक चिनी मुलगी भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने पाठ करत होती. सुट्टीत सगळे घरी गेले तरी काही जण 'खाओयान'साठी मागे राहतात. ही पदव्युत्तर प्रवेशाची देशभराची परीक्षा, डिसेंबरअखेर होते. बारा-बारा तास अभ्यास. सकाळी वाचनालय उघडायच्या आधी रांग, आणि एकदा जागा मिळाली की टेबलावर पुस्तकं टाकून ती धरून ठेवायची. 'जागा धरणं' यासाठी चिनीत स्वतंत्र शब्द आहे. मी तिला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याबद्दल सांगायचा प्रयत्न केला. मग पुण्यातल्या अभ्यासिकांबद्दल, स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून येऊन खोल्या करून राहणाऱ्या मुलांबद्दल. ते मात्र तिला एका वाक्यात कळलं. ती हनान प्रांतातल्या खेड्यातली. माझी 'यू-पान', भाषासोबतीण, व्हायला तयार झाली: अर्धा तास चिनी, अर्धा तास इंग्रजी.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. आमच्या घरी उपास मोडत नाहीत. साबुदाणा इथे मिळतो, तो दुधाच्या गोड चहात रबरी गोळ्या करून. पण न्याहारीच्या खिडकीत कोपऱ्यात, कोणी फारसं न बघणारं एक तसराळं होतं: उकडलेली रताळी, सालासकट उकडलेल्या शेंगा. मी दोन रताळी आणि ओंजळभर शेंगा घेतल्या. इतका शुद्ध उपास घरीसुद्धा होत नाही, तिथे वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी असते.

रोमिंगवरून आईला फोन लावला. मागे टीव्हीवर पंढरपूर चालू होतं. कझाक मुलीने विचारलं, आज काय? चालत जातात, देवाला भेटतात, जेवत नाहीत, एवढं जमलं. चालत किती दिवस, तिने विचारलं. आळंदीहून वीसेक, म्हटलं. तिने पापण्या फडफडवल्या आणि माझ्या पानातली एक शेंग उचलली.

शनिवार, २० जुलै

आज ष-च्याच्वांग. पेइचिंगच्या पश्चिम स्टेशनातून वेगवान गाडीने २८१ किलोमीटर, सव्वा तास. तिकीट कागदाचं नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. चिनी माणसं ओळखपत्र टेकवून फाटकातून सटासट जातात, आपण कडेच्या रांगेत पासपोर्ट उघडून उभं राहायचं.

सोलापुरात शाळेला जाता-येता भैय्या चौकातलं डॉक्टर कोटणीसांचं घर लागायचं. त्या घरातला माणूस जिथे पुरला आहे ते गाव गाडीने सव्वा तासावर असताना न जाणं शक्य नव्हतं. १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि द्वारकानाथ कोटणीस. चोळकर नागपूरचे. पाचांपैकी कोटणीस परत आले नाहीत. कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्याचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तोही १९६७ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. क्वो बाई २०१२ पर्यंत होत्या.

हुतात्मा स्मशानभूमीत उंच झाडं, रुंद फरसबंदी, आणि शनिवार असूनही शांतता. बेथून आणि कोटणीस दोघांची थडगी इथेच. पुतळ्याखाली चिनी अक्षरं वाचली. ख तीहुआ. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' जोडून घेतलं होतं. माझ्या कुलकर्णीतल्या कु चा चिनीत 'कू' राहिला, कोटणीसांच्या को चा मात्र 'ख' झाला. कोणी बसवलं असेल ते? त्यांनी स्वतः ऐकून 'चालेल' म्हटलं असेल? चिनी ते इथे येऊनच शिकले आणि चिनीतूनच वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवत होते. ना फिनयिन, ना ॲप. मला अजून ष-थांगमध्ये खिमा चुकवता येत नाही.

झाडणारे एक काका थांबले. कुठून आलात? भारतातून म्हटलं, मग जरा धीर करून म्हटलं, "मी त्यांची लाओश्यांग." गाववाली. काकांनी खराटा भिंतीला टेकवला आणि बरंच काही बोलले, स्थानिक वळणाने, भराभर. मला चौथा हिस्सा कळला असेल: "लांब", "तरुण" आणि "पाणी प्या".

मंगळवार, २३ जुलै

पहाटे कझाक मुलगी कळवळून उठली. "थूच़ थंग! थूच़ थंग!" थूच़ म्हणजे ससा. ससा दुखतोय. तूच़ म्हणजे पोट. तिच्या कानाला त आणि थ एकच, हे मला आता माहीत होतं. खाली पळाले. आ-यीने आधी सशाची चौकशी केली. खोलीत प्राणी पाळायला बंदी आहे. "ससा नाही, पोट," मी दोनदा म्हणाले.

रात्री तिने बर्फातलं अर्धं टरबूज एकटीने संपवलं होतं. आ-यी थर्मास घेऊन वर आली आणि चीनमधल्या सर्व दुखण्यांवरचं औषध सांगितलं: गरम पाणी पी, भरपूर. ताप, पाळी, प्रेमभंग, सगळ्यांवर हेच चालतं. जिन्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि अडतीस अंशांच्या उन्हातही पोरं थर्मास घेऊन तिथे रांग लावतात. दुपारपर्यंत मुलगी उठून बसली. श्रेय पाण्याला द्यावं की एकोणीस वर्षांच्या पोटाला, हे ठरवायची गरज कोणालाच वाटली नाही.

आठवडा बाकी शुद्धलेखनात गेला. रोज तीस अक्षरं, बाई म्हणणार, आपण लिहायची. हाताला घट्टा पडला.

शनिवार, २७ जुलै

यू-पान म्हणाली, सलग दहा दिवस अभ्यास केलाय, मला कुठेतरी ने. भाड्याच्या सायकली घेतल्या आणि युआनमिंगयुआनला गेलो. छिंग बादशहांची ही बाग. जुलैत तिथली तळी कमळांनी झाकलेली असतात. कमळाच्या पानाची टोपी घातलेली शेकडो मुलं.

पाश्चात्त्य पद्धतीच्या संगमरवरी महालांचे खांब उन्हात पडलेले आहेत. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बाग लुटली, मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने ब्रिटिशांनी जाळली. तुकडे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. यू-पान थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इंग्रजांबरोबर भारतीय सैनिकही होते ना?"

होते. पंजाबी पलटणी होत्या. गुरुवारीच वर्गात कर्मणी प्रयोग झाला होता, क्रियापदाआधी 'पेइ' लावायचा. मी मनात वाक्य जुळवलं: त्यांना पाठवण्यात आलं होतं. 'पेइ' योग्य जागी, सूर योग्य. तिने मान डोलावली. व्याकरण बरोबर आहे म्हणाली. मग विचारलं, "पगार मिळायचा?"

मिळायचा म्हटलं. आम्ही कमळाच्या बिया विकत घेतल्या, हिरव्या, सोलून खायच्या, आणि तळ्याच्या कडेला बसून इंग्रजीचा अर्धा तास केला. तिला खाओयानसाठी 'तथापि' आणि 'याउलट' यांतला फरक हवा होता.

गुरुवार, १ ऑगस्ट

सकाळी शेवटची परीक्षा. तोंडीत बाईंनी चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. सहा 'माय' आले, पाच बरोबर.

दुपारी साडेतीनला वसतिगृहाच्या खिडकीमागे आ-यीच्या छोट्या टीव्हीवर पॅरिसचं ऑलिंपिक चालू होतं, पन्नास मीटर रायफलची तीन स्थितींतली अंतिम फेरी. मी थांबले, कारण खालच्या पट्टीवर भारताचा झेंडा दिसला. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस. आ-यीने काचेचा दरवाजा उघडून मला आत घेतलं, स्टूल दिलं. नेमबाजीला बोलावं लागत नाही, त्यामुळे आम्हा दोघींना समालोचन सारखंच निरुपयोगी होतं. एकेक जण बाहेर पडू लागला. शेवटी चीनचा ल्यू युखुन सुवर्ण, युक्रेनचा कुलिश रौप्य, कुसाळे ४५१.४ वर कांस्य.

"तुझा कितवा?" तिसरा म्हटलं. "माझा पहिला," आ-यी म्हणाली आणि मला टरबुजाची फोड कापून दिली. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेलं कांस्य, त्यानंतर महाराष्ट्रातल्या कोणाचं हे पहिलंच वैयक्तिक पदक, हे सांगायला मी शब्द जुळवेपर्यंत तिने चॅनेल बदललं होतं. तिची मालिका लागायची वेळ झाली होती.

शनिवार, ३ ऑगस्ट

कझाक मुलगी काल रात्रीच गेली. जाताना "च्येच्ये" म्हणत गळ्यात पडली आणि घोड्याच्या मांसाचं एक सॉसेज माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी शाकाहारी आहे हे चार आठवड्यांत तिला एकतर कळलंच नाही, किंवा तेही एवढंसंच मोजलं असावं. ते मी यू-पानला दिलं.

बॅग घेऊन खाली आले. आ-यीने किल्ली घेतली, कार्ड घेतलं, रिमोटची बॅटरी तपासली, थर्मास उलटा करून पाहिला. मग हँगर. सात.

"आठ दिले होते."

"सातच होते."

"मी मोजले होते. तू सही केलीस."

"सही केली तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

"आता येतं?" असं म्हणून तिने ६ जुलैचा कागद समोर धरला. आठ. माझ्याच हातचं, वेडंवाकडं 'कुलकर्णी'.

मी ऐकेना. म्हटलं, खोलीत दोघी होतो, तिचे मोजले का? ती म्हणाली, तिचे आठ बरोबर होते. मी म्हटलं, मग तिने माझा घेऊन तिचे आठ केले असतील. ती म्हणाली, मग आधी तिचे सात असायला हवेत, आणि तुझे आठ. इथे मी जरा अडकले. मागे दोन कोरियन मुलं बॅगा घेऊन उभी होती, त्यातला एक घड्याळ बघत होता. एक हँगर पाच युआन. विमानाला तीन तास होते.

"बरं," मी म्हटलं, "तो हँगर मी विकत घेतला." माय. खाली, आणि मग वर.

आ-यीने अनामतीतले पाच वजा करून एकशे पंच्याण्णव युआन माझ्या हातावर मोजले. "सूर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कोरियन मुलांना पुढे बोलावलं.

पुण्यात बॅग उघडली. ष-च्याच्वांगला घातलेला निळा कुर्ता घडीसकट निघाला, आणि कुर्त्याच्या खांद्यांत हँगर.